कूलंट बदलण्याआधी पाणी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत जॉबवर्कचं छोटं शॉप, तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ). निम्मं काम बिडाच्या कास्टिंगचं, बाकी एमएस (साधं पोलाद) आणि थोडं ॲल्युमिनियम. कूलंट (कापताना हत्यार आणि जॉब थंड ठेवायला सोडतो ते तेल-पाण्याचं मिश्रण) दीड-दोन महिन्यांत वास मारायला लागतं, बिडाचे जॉब रात्रभर पडून राहिले की सकाळी गंज धरलेला असतो, ऑपरेटरच्या हातांना खाज सुटते. तीन कंपन्यांची कूलंट वापरून झाली, फरक पडला नाही. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 900. आता आरओ बसवावा, सॉफ्टनर घ्यावा की आणखी महागाचं कूलंट आणावं?

आधी एक करा. चौथं कूलंट विकत घेऊ नका. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची कूलंट तुमच्याकडे एकाच पद्धतीने खराब झाली असतील तर तिघांत समान काय होतं ते बघायला हवं, आणि समान होतं ते तुमचं पाणी. 6 टक्क्यांचं मिश्रण म्हणजे 100 लिटरात 94 लिटर पाणी. त्या 6 लिटरांसाठी आपण कोटेशनं मागवतो, ट्रायल घेतो, इंजिनिअरला बोलावतो. बाकीचे 94 लिटर कुठून आले आणि त्यात काय आहे हे बहुतेक शॉपमध्ये कुणीच विचारत नाही.

पाण्यातले तीन घटक आपल्या मुळावर येतात. पहिला म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, यांच्यामुळे पाणी जड होतं. कूलंटमधलं तेल पाण्यात धरून ठेवायचं काम इमल्सिफायर करतात आणि त्यातले बरेचसे साबणाच्याच जातीचे असतात. जड पाण्यात कपड्याचा साबण फेस धरत नाही, नुसता चिकट साका होतो, तेच इथे होतं. कॅल्शियम इमल्सिफायरला पकडतं, त्याचा न विरघळणारा साबण बनतो, आणि धरून ठेवणारं कुणी राहिलं नाही की तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून वर येतात. यालाच आपण कूलंट फाटलं म्हणतो. टाकीच्या कडेला, टेलिस्कोपिक कव्हरखाली आणि जाळीवर जो पिवळट-पांढरा चिकट लगदा बसतो, त्यातला मोठा भाग हाच. दुसरा घटक क्लोराइड. बिडावर आणि एमएसवर गंज चढवण्यात याचा हात सगळ्यात मोठा, आणि कूलंटमध्ये गंजरोधक कितीही चांगला असला तरी क्लोराइड वाढत गेलं की तो हरतो. तिसरा सल्फेट. टाकीत हवा पोचत नाही अशा कोपऱ्यात एका जातीचे जिवाणू या सल्फेटवर जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. कुजलेल्या अंड्याचा जो वास येतो तो त्याचाच.

आता टीडीएस 900 या आकड्याकडे येऊ. हा आकडा उपयोगाचा आहे, पण अर्धवट आहे. टीडीएस मीटर सगळ्या विरघळलेल्या क्षारांची एकत्र बेरीज सांगतो. एका बोअरच्या 900 मध्ये बायकार्बोनेटच जास्त असेल, शेजारच्या प्लॉटवरच्या 900 मध्ये क्लोराइड भरलेलं असेल, आणि दोन्ही ठिकाणी कूलंट वेगळं वागेल. म्हणून एकदा पाण्याची नीट तपासणी करून घ्या. पाणी तपासणारी कोणतीही मान्यताप्राप्त लॅब एकूण कठीणता (पाण्याचा जडपणा), क्लोराइड, सल्फेट, पीएच, टीडीएस एवढं करून देते. बाटली बोअरच्या पंपाजवळून भरू नका, कूलंट कालवताना ज्या नळाखाली बादली लावता तिथूनच भरा. मधल्या हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत काय काय मिसळतं ते त्याशिवाय कळणार नाही.

लॅबचा रिपोर्ट वाचताना एका गोष्टीने फसू नका. रिपोर्टवर बहुधा आयएस 10500 ची मर्यादा छापलेली असते आणि पुढे ‘मर्यादेत’ असा शेरा असतो. ते पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. त्यात कठीणता 200 पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. क्लोराइड 250, आणि पर्याय नसेल तर 1000 मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे माणसाने प्यायला पास झालेलं पाणी तुमच्या व्हीएमसीला नापास असू शकतं. कूलंटसाठी मी कठीणता 80 ते 125 पीपीएम (म्हणजेच मिलिग्रॅम प्रतिलिटर) चांगली धरतो, 200 पर्यंत ओढून नेता येतं. क्लोराइड 50 च्या आत हवं, 100 च्या वर गेलं की बिडाचं काम करणाऱ्याने काळजी करायला हवी. सल्फेटही 100 च्या आत.

कठीणता शॉपमध्येही मोजता येते, किट मिळतं. ही चाचणी तुमच्या सुपरवायझरला शिकवाच. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, मग सूचकाची चिमूट. कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर पाणी रेड वाइनसारखं लालसर होतं. त्यात ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब टाकत, प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवत राहायचं. लाल रंग आधी जांभळट होतो, तिथे हात आवरायचा, आणि पुढच्या एक-दोन थेंबांत तो स्वच्छ निळा झाला की थांबायचं. किती थेंब लागले त्याला किटवर दिलेल्या आकड्याने गुणलं की कठीणता. पाच मिनिटांचं काम आहे. ही चाचणी साध्या पाण्यावर करायची. दुधाळ कूलंटमध्ये रंग दिसत नाही, त्यासाठी पट्ट्या वापराव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर जरा वेळ घालवा, कारण तुमचा बराचसा त्रास इथेच आहे. पहिल्या भरणीचं पाणी महत्त्वाचं असतंच, पण टाकी बिघडवतं ते रोजच्या टॉपअपचं, म्हणजे कमी झालेलं भरून काढायचं पाणी. मशीन चालतं, कूलंट तापतं, पाण्याची वाफ होते. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. आमटी आटली की मीठ तेवढंच राहून ती खारट होते. आपण त्या आटलेल्या आमटीत रोज पुन्हा मिठाचंच पाणी ओतत असतो.

हिशेब करून बघा. समजा टाकी 200 लिटरची आहे आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड 140 पीपीएम आहे. पहिल्या दिवशी टाकीत 28 ग्रॅम क्लोराइड. दिवसाला 10 लिटर पाणी उडतं आणि तेवढंच भरलं जातं. महिन्याच्या 25 कामाच्या दिवसांत 250 लिटर बोअरचं पाणी आत गेलं, म्हणजे आणखी 35 ग्रॅम. एकूण 63 ग्रॅम, पण पाणी अजून 200 लिटरच, म्हणजे क्लोराइड 315 पीपीएम. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी 490. चिप्सला आणि जॉबला चिकटून काही कूलंट बाहेर जातं, त्याच्याबरोबर क्षारही जातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा थोडा खाली राहील. पण दिशा हीच. कठीणतेचंही असंच, 500 पीपीएमने सुरुवात केली तर एका महिन्यात हिशेबाने ती दुपटीच्या वर जाते आणि त्यातला काही भाग चिकट लगदा होऊन खाली बसतो. तुमचं कूलंट दीड-दोन महिन्यांतच का मान टाकतं, याचं उत्तर या आकडेमोडीत आहे. नवीन भरल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस सगळं छान वाटतं, कूलंट विकणाऱ्याची ट्रायलही नेमकी तेवढ्याच दिवसांची असते.

म्हणून कमी पैशात सुधारणा करायची असेल तर सगळ्यात आधी टॉपअपचं पाणी सुधारा.

पाणी आणायचं कुठून? दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की आणखी जड होतं. मार्चमध्ये केलेली तपासणी ऑगस्टमध्ये लागू पडत नाही, उलटही नाही. धरणाचं पाणी मात्र साधारण मऊ असतं. तुमच्याकडे पवनेचं पाणी येतं, नाशिकला गंगापूर धरणाचं, ते बोअरच्या मानाने पुष्कळ चांगलं. तेव्हा आरओचं कोटेशन मागवण्याआधी तुमच्या प्लॉटवर नळाचं कनेक्शन आहे का आणि त्या पाण्याचे आकडे काय आहेत ते बघा. बऱ्याच शॉपमध्ये नळाचं पाणी येतं, पण ते बोअरच्याच हौदात सोडलेलं असतं. नळाच्या लाइनवर टी काढून 500 लिटरची झाकणाची वेगळी प्लास्टिक टाकी फक्त कूलंटसाठी ठेवली, एवढ्याने निम्मं काम झालेली शॉप मी पाहिली आहेत. टँकरच्या पाण्यावर मात्र भरवसा ठेवू नका. आज कुठल्या विहिरीचं आणि उद्या कुठल्या, ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. तुमचा कुणी मित्र अकोला-बुलढाण्याकडे खारपाणपट्ट्यात किंवा कोकणात खाडीलगत शॉप चालवत असेल तर त्याला सांगा की तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्याचा विचार मोजल्याशिवाय करूच नये, तिथे आरओला पर्याय नसतो.

सॉफ्टनरबद्दल विचारलंत. सॉफ्टनर स्वस्त पडतो, विकणारा ‘पाणी मऊ होईल’ म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण तो करतो काय, तर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. एकूण क्षार कमी होत नाहीत, टीडीएस किंचित वाढतोच. क्लोराइड जेवढं होतं तेवढंच राहतं. लगदा होणं थांबेल, गंज थांबणार नाही. शिवाय सॉफ्टनर मिठाच्या पाण्याने रिजनरेट करतात, म्हणजे धुऊन पुन्हा कामाचा करतात, त्यानंतर धुवायचं पाणी घाईत कमी सोडलं तर तेच मीठ सरळ कूलंटच्या बादलीत येतं. बिडाचं काम करणाऱ्याने कूलंटसाठी नुसत्या सॉफ्टनरवर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आरओच्या आधी, मेम्ब्रेनवर (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यावर) क्षार बसू नयेत म्हणून तो ठेवला तर गोष्ट वेगळी.

डीएम प्लँटचं (क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं) पाणी सर्वात शुद्ध, पण त्याचं रेझिन (क्षार धरणारे दाणे) रिजनरेट करायला ॲसिड आणि कॉस्टिक हाताळावं लागतं, आणि ते धुतलेलं पाणी न्यूट्रल करून सोडावं लागतं. पाच मशीनच्या शॉपने त्या फंदात पडू नये. वायरकट (तारेने धातू कापणारं मशीन) घेतलंत तर त्याच्यासोबत रेझिनचं सिलिंडर येईलच. त्यातही बोअरऐवजी आरओचं पाणी भरलं तर रेझिन कितीतरी जास्त टिकतं.

राहिला आरओ. तो 90 ते 95 टक्के क्षार काढतो, म्हणजे 900 चा टीडीएस 45 ते 90 वर येतो, मेम्ब्रेन नवा असताना आणखी खाली. तुमची पाच मशीन दिवसाला 50 ते 75 लिटर टॉपअप घेत असतील. ताशी 25 ते 50 लिटरचा छोटा कमर्शियल आरओ एका शिफ्टमध्ये ते आरामात देतो, मोठा प्लँट कुणी गळ्यात मारू पाहिला तर घेऊ नका. पाणी साठवायला प्लास्टिकचीच टाकी हवी. आरओचं पाणी लोखंड आणि जीआयला (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाला) खातं, जीआयच्या पाइपातून आणलं तर जस्त आणि गंज सोबत घेऊन येतं. टाकी अपारदर्शक, झाकणबंद आणि उन्हापासून दूर, नाहीतर आत शेवाळ धरेल. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस दर आठवड्याला मोजा. तो हळूहळू चढायला लागला की मेम्ब्रेन थकला, हे त्या काहीशे रुपयांच्या मीटरवरच कळतं.

आरओ बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘फेस फार येतोय’ अशी तक्रार येते आणि मालक घाबरून पुन्हा बोअरवर जातो. फेस येणारच. कॅल्शियम अजिबात नसेल तर साबण भरपूर फेसाळतो, त्यात व्हीएमसीला स्पिंडलमधून जास्त दाबाने कूलंट असेल तर फेस टाकीबाहेर येतो. याचा उपाय सोपा आहे. पहिली भरणी मिसळलेल्या पाण्याची करायची आणि टॉपअपसाठी पाणी निव्वळ आरओचं घ्यायचं. समजा बोअरची कठीणता 500 आणि आरओची 20 आहे, आणि आपल्याला 100 हवी. एक भाग बोअर, पाच भाग आरओ घेतलं की बरोबर 100 येते. 200 लिटरच्या टाकीला 33 लिटर बोअरचं, बाकी 167 लिटर आरओचं. मघाच्या 140 पीपीएम क्लोराइडचं या मिश्रणात 30 च्या आसपास होतं. त्यानंतर महिनाभर 250 लिटर आरओचं पाणी टॉपअपला गेलं तरी कठीणता 125 आणि क्लोराइड 45 च्या आसपास राहतं. तिकडे 315 आलं होतं, ते आठवा. तुमचे खरे आकडे हाती आले की याच रीतीने प्रमाण काढा.

कालवण्याची पद्धतही बघून घ्या. बादलीत आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेल. आधी तेल आणि वरून पाणी ओतलं तर मिश्रण उलटं बनतं, जाड साय येते आणि ते मशीनमध्ये कधीच नीट मिसळत नाही. थेट मशीनच्या टाकीत तेल ओतून ‘पंप ढवळून घेईल’ म्हणणं तर सोडूनच द्या. टॉपअप नुसत्या पाण्याचं करू नका, रोज नुसतं पाणी गेलं तर कूलंट हळूहळू पातळ होत 3 टक्क्यांवर येतं, आणि पातळ कूलंटला गंजही थांबवता येत नाही आणि जिवाणूही. टॉपअप साधारण दीड-दोन टक्क्यांचं पातळ मिश्रण असावं, नेमकं किती ते रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून कूलंटचं प्रमाण दाखवणारं उपकरण) बघून ठरवा. रिफ्रॅक्टोमीटर ज्या पाण्यात कूलंट कालवता त्याच पाण्याने शून्यावर आणायचा. काचेत दिसणारा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. त्याला त्या कूलंटच्या फॅक्टरने गुणायचं, तो डेटाशीटवर असतो. फॅक्टर 1.5 असेल आणि 4 दिसलं तर कूलंट 6 टक्के आहे. रेष धूसर, पसरट दिसत असेल तर कूलंटमध्ये बाहेरचं तेल मिसळलंय, असं समजा.

बाहेरचं तेल म्हणजे स्लाइडवेचं (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं. हे पाण्याच्या गुणवत्तेइतकंच महत्त्वाचं आहे. भोसरी-पिंपरीत गुरुवारची सुट्टी. बुधवारी रात्री पंप बंद झाला की वर तरंगणारं तेल टाकीवर सलग थर धरतं, हवा आत जाऊ देत नाही, आणि खाली सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना तीस तासांहून जास्त मोकळीक मिळते. शुक्रवारी सकाळी पंप चालू केल्याबरोबर नाकाला वास बसतो तो याचा. टाकीचं झाकण उघडून बघा, वरचं तेल तपकिरी असेल, त्याखाली कूलंट पांढऱ्याऐवजी राखाडी दिसेल, आणि तळाशी हात घातला तर बिडाची भुकटी काळ्या गाळासारखी लागेल. अर्ध्या तासाने वास कमी होतो म्हणून सगळे विसरतात. बेल्ट स्किमर किंवा डिस्क स्किमर (तरंगणारं तेल काढून घेणारं साधन) प्रत्येक मशीनला बसवा, आणि तो पंप बंद असताना, तेल शांतपणे वर आलेलं असताना चालवा. सुट्टीच्या दिवशी टाकीत फिश टँकला असतो तसला छोटा हवेचा पंप सोडून ठेवला तरी फरक पडतो. स्किमरने दिवसाला वाटीभरापेक्षा जास्त तेल येत असेल तर स्लाइडवेच्या तेलाचा (वे-ऑइलचा) पंप गरजेपेक्षा जास्त सोडतोय किंवा कुठला सील गळतोय, तो शोधा.

बिडाची भुकटीही स्वस्थ बसत नाही. ती इतकी बारीक असते की तिचा प्रचंड पृष्ठभाग गंजरोधक खाऊन टाकतो. दर आठवड्याला जमेल तेवढी काढा, रिटर्नच्या वाटेवर चुंबक लावा. बिडाचं आणि ॲल्युमिनियमचं काम शक्यतो वेगळ्या मशीनवर ठेवता आलं तर दोन्हीचं भलं.

आता नवं पाणी भरण्याआधी जुनी घाण पूर्ण काढावी लागेल. इथे कंटाळा केला तर आरओचे पैसे वाया जातील. जुनं कूलंट असतानाच त्यात सिस्टिम क्लीनर टाकून एक शिफ्ट फिरवा, मग सगळं उपसा. गाळ फावड्याने काढा. चिप कन्व्हेयर, टेलिस्कोपिक कव्हरची खालची बाजू, पाइप, कूलंट गनची नळी, इथे जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो, तो खरवडून काढा. स्वच्छ पाणी फिरवून टाका, मग 1 टक्क्याचं कूलंट फिरवून तेही काढा, आणि मगच खरी भरणी. तळाला राहिलेली बादलीभर जुनी घाणसुद्धा नव्या कूलंटला पंधरा दिवसांत लागण करते.

वास आला की काही लोक टाकीत फिनाईल ओततात, ब्लीचिंग पावडर टाकतात, पीएच वाढवायला कॉस्टिक टाकतात. ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियमही आहे आणि क्लोराइड बनवणारं क्लोरीनही, म्हणजे ज्या दोन गोष्टींपासून पळायचं त्या स्वतःच्या हाताने आत गेल्या. कॉस्टिकने ऑपरेटरची कातडी जाते आणि ॲल्युमिनियम काळं पडतं. गंज थांबवायला सोडियम नायट्राइट तर अजिबात नको. कूलंटमध्ये अमाइन असतात, त्यांच्याशी त्याची क्रिया होऊन नायट्रोसमाइन तयार होतात, आणि त्यातली बरीचशी कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. हा धोका पत्करण्यासारखा कुठलाच जॉब नाही. बायोसाइड (जिवाणू मारणारं रसायन) टाकायचंच असेल तर ते कूलंट बनवणाऱ्याच्या सल्ल्याने, त्याने दिलेल्या प्रमाणात, आणि हातमोजे-चष्मा घालून.

हातांच्या खाजेचं मूळ बहुधा एकापेक्षा जास्त असतं. पीएच 8.5 ते 9.3 च्या मध्ये ठेवा, 8.5 च्या खाली गेला की जिवाणू बळावलेत असं समजा, 9.5 च्या वर गेला की कातडी सुकते. उन्हाळ्यात वाफ जास्त होते, कूलंट नकळत 10-12 टक्क्यांवर जातं, तेव्हाही खाज येते. ऑपरेटर तेलकट हात थिनरने नाहीतर पेट्रोलने धुतात, ते थांबवा, हात धुवायला साबण आणि स्वच्छ पाणी मशीनजवळ ठेवा, शिफ्टआधी बॅरियर क्रीम द्या. कूलंटच्या टाकीत हात धुणं, चहा ओतणं, थुंकणं, हे होत असेल तर रागवण्याआधी बेसिन आणि कचऱ्याचा डबा जवळ आहे का ते बघा. आणि ज्याला एक-दोन आठवड्यांत आराम पडत नाही त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा, दुसऱ्या कामावर ठेवा. काहींना एखाद्या घटकाची ॲलर्जी असते, ती पाणी बदलून जात नाही.

गंजासाठी एक छोटी चाचणी सांगतो, ती शॉपमध्येच होते. काचेच्या उथळ बशीत फिल्टर पेपर ठेवा. त्यावर बिडाच्या कोरड्या, स्वच्छ चिप्स, साधारण 2 ग्रॅम, पसरून ठेवा आणि टाकीतलं 2 मिलिलिटर कूलंट त्यावर सोडा. झाकण ठेवून 2 तास थांबा. चिप्स झटकून पेपर धुवा आणि बघा. पेपर कोरा राहिला तर कूलंट गंजाला पुरून उरतंय. पिवळे-तपकिरी डाग जितके जास्त तितकं ते कमजोर. आता दुसऱ्या बशीत त्याच कूलंटचं त्याच टक्क्याचं ताजं मिश्रण आरओच्या पाण्यात करून घ्या, तिसऱ्यात बोअरच्या पाण्यात. तीन पेपर शेजारी ठेवले की आरओवर पैसे का घालायचे हे भागीदाराला समजावून सांगायची गरज राहत नाही.

हे सगळं टिकवायचं तर काम एकाच माणसाच्या नावावर असावं. जो मोकळा असेल तो पाणी ओततो, ही पद्धत बंद करा. एक हेल्पर किंवा सेटर ठरवा, त्याला रिफ्रॅक्टोमीटर, पीएच पट्ट्या आणि टीडीएस मीटर द्या, आणि प्रत्येक मशीनला एक वही. तारीख, टक्के, पीएच, किती लिटर टॉपअप, वास-फेस-गंज काही असेल तर शेरा. मोजमाप मशीन पंधरा मिनिटं चालल्यावर घ्यायचं. महिन्यातून एकदा टाकीतल्या कूलंटच्या क्लोराइड आणि कठीणतेची पट्टी लावा, आणि वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि पावसाळ्यानंतर, बोअरच्या पाण्याची लॅबमध्ये तपासणी करा. जिवाणू मोजायच्या डिप स्लाइड मिळतात, कूलंटमध्ये बुडवून दोन दिवस उबेत ठेवायच्या. मिलिलिटरला दहा लाखांच्या घरात आकडा दिसला की उपाय करायची वेळ आली.

आरओचं वाया जाणारं पाणी संडासाला आणि फरशी धुवायला वळवा, त्याची सोय आधीच करून घ्या, कारण लहान आरओत निम्म्याहून जास्त पाणी तिकडून जातं. झाडांना घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

उपसलेलं जुनं कूलंट गटारात किंवा नाल्यात जाता कामा नये. इंद्रायणीवरचा फेस आपण सगळे बघतो. तेलमिश्रित टाकाऊ द्रव हा घातक कचरा आहे आणि 2016 च्या नियमांनुसार तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात नोंदवून अधिकृत वाहतूकदारामार्फतच पाठवायचा असतो; पुणे भागाला रांजणगावचं आणि मुंबईकडे तळोज्याचं केंद्र आहे. त्याला किलोमागे पैसे पडतात, आणि म्हणूनच आरओच्या खर्चाचा हिशेब मांडताना फक्त वाचलेल्या कूलंटचे पैसे धरू नका. आज तुम्ही पाच टाक्या वर्षातून सहा-सात वेळा उपसता. 200 लिटरची टाकी धरली तर ते 6000 ते 7000 लिटर होतं. पाणी सुधारून, तेल काढत राहून हेच वर्षातून एक-दोनदावर येऊ शकतं. उपसण्यात बंद राहणारी मशीन, गंजून परत आलेले बिडाचे जॉब, नव्या कूलंटचे ड्रम आणि जुन्याच्या विल्हेवाटीचं बिल, हे चार आकडे एका कागदावर लिहा, शेजारी आरओची किंमत आणि वर्षाचा मेम्ब्रेन-फिल्टरचा खर्च लिहा. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत एका व्हीएमसीची टाकी नीट साफ करून घ्या, तिला तोवर आरओचे जार विकत आणून टॉपअप करा आणि बाकीच्या चार बोअरवरच राहू द्या. दोन महिन्यांनी पाचही वह्या शेजारी ठेवल्यात की पुढचा निर्णय तुम्हाला आकड्यांवर घेता येईल.